बारावी ओळ

मुलांना परक्यांच्या दुःखाच्या गोष्टी वाचून दाखवाव्यात की नाहीत, असा प्रश्न माझ्या शिक्षकीच्या पहिल्या पंचवीस वर्षांत मला कधी पडलाच नाही. वाचून दाखवाव्यात, यात विचारण्यासारखे काय आहे? मूल आपल्या घरात, आपल्या गल्लीत, आपल्या जातीत वाढते. पुस्तक त्याला त्या कुंपणापलीकडे नेते. पलीकडची माणसेही आपल्यासारखीच हसतात, रडतात, हे एकदा कळले की मूल थोडे अधिक माणूस होते, अशी माझी साधी श्रद्धा होती. ती श्रद्धा पार मोडली असे मी म्हणणार नाही. पण तिला एक तडा गेला, आणि तो एका तेरा वर्षांच्या मुलीच्या रागाने गेला.

२००३ साली मे महिन्याच्या सुट्टीत मी न्यू जर्सीला माझ्या भाचीकडे गेले होते. तिथल्या शाळा जूनच्या मध्यापर्यंत चालू असतात. भाचीची मुलगी सातवीत होती. एके दिवशी ती शाळेतून आली ती तणतणतच. दप्तर जिन्यात टाकले आणि कोणाशी न बोलता खोलीत जाऊन बसली. संध्याकाळी मी तिच्याजवळ जाऊन बसले तेव्हा हळूहळू सारा प्रकार बाहेर आला. त्यांच्या वर्गात ग्लोरिया व्हेलन या लेखिकेची 'होमलेस बर्ड' ही कादंबरी वाचावयास लावली होती. मुलांसाठी लिहिलेली ही कादंबरी २००० साली प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षी तिला अमेरिकेतला नॅशनल बुक पुरस्कारही मिळाला. कोली नावाच्या एका भारतीय मुलीची ती गोष्ट आहे. तेराव्या वर्षी तिचे लग्न होते. नवरा क्षयाने आजारी आहे, आणि हुंड्याच्या पैशांतून त्याला काशीला गंगेवर न्यावयाचे आहे, हे तिला मागून कळते. तो मरतो. पुढे सासू तिला वृंदावनात नेऊन सोडून देते. तिथून ती मुलगी आपल्या भरतकामाच्या बळावर पुन्हा उभी राहते.

"पुस्तक वाईट नाही ग, आजी," मुलगी म्हणाली. "मला कोली आवडते. पण बाई वाचता वाचता थांबल्या आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग विचारलं, तुमच्याकडे अजून असं असतं का? मग सगळ्यांनीच माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगणार? मी वृंदावन पाहिलंसुद्धा नाही."

मला फार संताप आला. जेवताना मी भाचीला म्हटले, मी त्या बाईंना पत्र लिहिणार आहे. भाची म्हणाली, "जाऊ दे, मावशी. त्यांचा हेतू काही वाईट नसतो." हेतू वाईट नव्हता हे मलाही दिसत होते, त्यामुळे राग उलट वाढतच होता. रात्री मी मनातल्या मनात पत्राचा मजकूर जुळवू लागले. बाईसाहेब, आपण एका मुलीची गोष्ट वाचीत होतात आणि साक्षीला उभे केलेत दुसऱ्याच मुलीला. वर्गातली बाकीची मुले श्रोते राहिली आणि हिचा मात्र नमुना झाला. वाक्य चांगले जुळले म्हणून मी ते पुन्हा एकदा मनाशी म्हटले, आणि तिथेच थांबले. कारण अशाच एका वर्गात, अशीच एक कादंबरी हातात धरून, अशाच नजरेने एका मुलाकडे पाहणारी दुसरी एक बाई मला आठवली. ती मीच होते.

ती हकिगत १९९६ सालच्या हिवाळ्यातली. मुंबईच्या एका उपनगरात मराठी शाळेत मी इंग्रजी शिकवीत असे. सातवीच्या वर्गाचा शनिवारचा शेवटचा तास मोकळा असे, आणि त्या तासाला मी मुलांना एखादे इंग्रजी पुस्तक मराठीतून सांगत असे. त्या वर्षी फ्लोरा फाउंटनच्या पदपथावर जुन्या पुस्तकांच्या ढिगात मला मिल्ड्रेड टेलर यांची 'रोल ऑफ थंडर, हिअर माय क्राय' ही कादंबरी मिळाली होती. टेलर यांचा जन्म १९४३ साली मिसिसिपी राज्यात झाला. वाढल्या त्या मात्र ओहायोत. दक्षिणेतल्या आपल्या काळ्या कुळाच्या गोष्टी त्यांनी वडिलांच्या तोंडून ऐकल्या, आणि त्यांतून ही कादंबरी उभी राहिली. ती १९७६ साली प्रसिद्ध झाली, आणि पुढच्याच वर्षी तिला बालसाहित्याचे न्यूबेरी पदक मिळाले. काळ १९३३ चा. शाळा काळ्यांच्या वेगळ्या, गोऱ्यांच्या वेगळ्या. गोऱ्यांच्या मुलांना शाळेत न्यावयाला बस. काळ्यांची मुले पायी. पाऊस पडला की बसवाला मुद्दाम जोरात बस घालून पायी चालणाऱ्या मुलांना चिखलाने माखून टाकी, आणि आतली मुले हसत.

या कादंबरीच्या पहिल्याच प्रकरणात एक प्रसंग आहे. काळ्यांच्या शाळेला त्या वर्षी प्रथमच सरकारी पुस्तके मिळतात. नऊ वर्षांची कॅसी आणि तिचा सहा वर्षांचा धाकटा भाऊ एकाच खोलीत बसलेले असतात. हा धाकटा मोठा टापटिपीचा. कपड्यांवर धुळीचा कण त्याला खपत नाही. त्याच्या हाती येते ते पुस्तक मळलेले, फाटके. तो दुसरे मागतो, तर बाई रागावतात. मग तो पुस्तक उघडतो आणि आतल्या बाजूला चिकटवलेला तक्ता वाचतो. त्यात पुस्तक कोणत्या वर्षी दिले, तेव्हा ते कोणत्या स्थितीत होते, आणि ज्याला दिले त्याचा वंश कोणता, याच्या नोंदी आहेत. १९२२ साली पुस्तक कोरे, विद्यार्थी गोरा. मग दरवर्षी एक ओळ: पुस्तक उत्तम, चांगले, मध्यम, खराब, विद्यार्थी प्रत्येक वेळी गोराच. अशा अकरा ओळी. बारावी ओळ १९३३ ची. पुस्तकाची स्थिती अत्यंत खराब, आणि वंशाच्या रकान्यात काळ्यांसाठी गोऱ्यांच्या तोंडी असलेला तो हेटाळणीचा शब्द. खाली विसाव्या ओळीपर्यंत जागा रिकामी. ते सहा वर्षांचे पोर पुस्तक जमिनीवर फेकते आणि त्यावर पाय आपटून नाचते. अर्थात त्याला छडी बसते. कॅसीही आपले पुस्तक नाकारते; तिलाही बसते.

मुलांची आई त्याच शाळेत शिक्षिका आहे. वर्गाच्या बाई तिच्याकडे तक्रार घेऊन येतात. आई शांतपणे ऐकून घेते, कागद मापाने कापते आणि दोन्ही पुस्तकांतल्या त्या तक्त्यांवर चिकटवून टाकते. बाई घाबरतात, पुस्तके सरकारी मालकीची! पण आईला मुलांच्या हाती तो तक्ता राहू द्यावयाचा नसतो.

आमचा वर्ग या गोष्टीत रंगून गेला. दुसऱ्या शनिवारी बसचा प्रसंग आला. थोरला भाऊ स्टेसी भावंडांना घेऊन भर पावसात रस्त्यात आडवा चर खणतो, तो पाण्याने भरतो, आणि संध्याकाळी बस त्यात आदळून बंद पडते. मुलांनी बाके वाजवली. तिसऱ्या बाकावरचा एक मुलगा तर उभाच राहिला. तो एरवी फारसा बोलत नसे. त्याची जात मला ठाऊक होती. शाळेच्या दाखल्यांवर शिक्षकांना ती दिसतेच.

चौथ्या शनिवारी आईची नोकरी जाण्याचा भाग होता. ती वर्गात गुलामगिरीचा इतिहास शिकवीत असते, पाठ्यपुस्तकात नाही तोही. मंडळाची माणसे येऊन मागे बसतात, चिकटवलेला कागद त्यांना सापडतो, आणि तिला काढून टाकले जाते. इथे मला वाटले, आता ही गोष्ट घरी आणली पाहिजे. मिसिसिपी दूर आहे. मुले तिथल्या गोऱ्यांवर रागावून मोकळी होतील. म्हणून मी पुस्तक मिटले आणि साताऱ्याच्या शाळेतल्या भीमराव नावाच्या मुलाची गोष्ट सांगू लागले. त्याला वर्गात कोपऱ्यात वेगळे बसावे लागे. बसावयाचे गोणपाट तो रोज घरून आणी आणि संध्याकाळी परत नेई, कारण शाळा झाडणारा गडीही त्याला हात लावीत नसे. बाबासाहेबांनी स्वतःच हे लिहून ठेवले आहे. मी जीव ओतून सांगत होते. आणि सांगता सांगता माझी नजर तिसऱ्या बाकाकडे गेली. नुसती गेली नाही; तिथे थांबली. माझ्या नजरेपाठोपाठ चाळीस माना वळल्या.

तास संपल्यावर तो मुलगा दाराशी उभा राहिला. म्हणाला, "बाई, तो खड्डा खणला ना त्यांनी, तेव्हा तुम्ही माझ्याकडे नाही बघितलंत."

मी काहीतरी बोलले. काय बोलले ते आठवत नाही, म्हणजे ते आठवण्यासारखे नसणार. पुढच्या शनिवारी तो आला नाही. नंतर येऊ लागला, परीक्षेत चांगले गुणही मिळवले. पण बाक वाजवताना मी त्याला पुन्हा पाहिले नाही.

यावर एक सोपे उत्तर आहे, आणि आमच्या शिक्षकांच्या खोलीत ते मी पुष्कळदा ऐकले आहे. अशी पुस्तके वर्गात आणावीत कशाला? मुले सारी सारखी. त्यांच्या डोक्यात जातपात आपणच का भरवावी? हे उत्तर दिसते उदार, पण ते खोटे आहे. जे मूल तिसऱ्या बाकावर बसते त्याच्या डोक्यात आपण काही भरवावे लागत नाही. वर्गात पाऊल टाकण्यापूर्वीच ते त्याला कळून चुकलेले असते. न बोलण्याने सोय होते ती बाकीच्यांची. अमेरिकेत नॅन्सी लॅरिक या बाईंनी १९६५ साली एक मोजणी प्रसिद्ध केली. १९६२ ते १९६४ या तीन वर्षांत निघालेल्या मुलांच्या ५,२०६ पुस्तकांपैकी फक्त ३४९ पुस्तकांत एखादे तरी काळे माणूस होते, मजकुरात किंवा चित्रात. म्हणजे शंभरात सातही नाहीत. १९५४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने वेगळ्या शाळा बेकायदा ठरवल्या होत्या, पण पुस्तकांचे जग गोरेच राहिले होते. त्या पुस्तकांनी कोणाच्या डोक्यात काही भरवले नाही, असे कोण म्हणेल? बरे, बोलणाऱ्या पुस्तकाचे तरी काय होते? टेलर यांची ही कादंबरी २००२ साली अमेरिकन ग्रंथालय संघटनेच्या, सर्वांत जास्त आक्षेप घेतल्या गेलेल्या दहा पुस्तकांच्या यादीत होती. जो हेटाळणीचा शब्द काळ्या मुलांना सोसावा लागला, तो पुस्तकात छापला म्हणून लोक पुस्तकावर रागावले.

शिवाय आपल्याकडे ही वाट नवीन नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली ती अमेरिकेतल्या गुलामांची मुक्तता करणाऱ्या लोकांना अर्पण केली. बाबासाहेबांनी १९४६ साली ड्यू बॉइस या काळ्या विचारवंताला पत्र लिहिले. १९७२ साली मुंबईत तरुणांनी संघटना काढली तेव्हा 'पँथर' हे नाव तिकडूनच घेतले. मिसिसिपीची गोष्ट साताऱ्याला येऊन मिळते हे माझे म्हणणे चूक नव्हते. ती जोडायची कोणी आणि कोणाच्या अंगावर, एवढाच प्रश्न होता.

दुसरेही एक सोपे उत्तर आहे, आणि ते माझे होते. गोष्टीने करुणा उपजते, करुणेने माणूस सुधारतो. करुणेबद्दल मला आदर आहे; पण इतकी वर्षे वर्गात काढल्यावर एक गोष्ट कबूल केली पाहिजे. परक्याच्या दुःखाने आलेले रडू सुखाचे असते. त्याला काही मोल पडत नाही. त्या चार शनिवारी माझ्या वर्गातल्या मुली टेलरबाईंच्या मुलांसाठी डोळे पुसत होत्या, आणि सोमवारी डबा खावयाला बसताना घोळके मात्र पूर्वीचेच होते. कोण कोणाच्या डब्यात हात घालतो आणि कोण घालीत नाही, यात तसूभर फरक पडला नव्हता. कादंबरीत जेरेमी नावाचा एक गोरा मुलगा आहे. तो आपल्या भावंडांच्या बसमध्ये न बसता काळ्या मुलांबरोबर चालतो. नाताळात तो स्वतः कोरलेली बासरी स्टेसीसाठी घेऊन येतो. स्टेसी ती घेतो, पण वाजवीत नाही. पेटीत ठेवून देतो. जेरेमीचे मन चांगले आहे, यात शंका नाही. पण त्या चांगल्या मनाची किंमत उद्या कोण चुकवणार, हे स्टेसीच्या वडिलांना ठाऊक आहे, आणि ते मुलाला सावध करतात. ही बासरी पहिल्या वाचनात मला नुसती गोड वाटली होती. आता वाटते, माझे ते भीमरावांच्या गोणपाटाचे सांगणे अशीच एक बासरी होती. मी ती भर वर्गात त्या मुलाच्या हाती दिली, आणि त्याने ती वाजवावी अशीही माझी अपेक्षा होती.

रुडीन सिम्स बिशप या विदुषींनी १९९० साली एका लेखात मुलांच्या पुस्तकांना आरशाची आणि खिडकीची उपमा दिली आहे. काही पुस्तकांत मुलाला स्वतःचे रूप दिसते, काहींतून दुसऱ्याचे घर दिसते. आणि प्रकाश जसा पडेल तशी खिडकीच कधी आरसा होते. ही उपमा शिक्षकांच्या फार उपयोगी पडली आहे. पण माझ्या अनुभवाने तिला एक पुरवणी जोडावीशी वाटते. खिडकीचा आरसा होतो तो आपल्या आपण, वाचणाऱ्याच्या एकान्तात. शिक्षकाने उठून तो आरसा एका मुलाच्या तोंडापुढे धरला आणि वर्गाला म्हटले, पहा, तर तो आरसा राहत नाही. ती चावडीवरची ओळखपरेड होते.

त्या मुलाचे बोलणे समजावयाला मला सात वर्षे लागली. तो गोष्ट ऐकत होता तेव्हा तो स्टेसी होता. चर खणणारा, डोके चालवणारा, भावंडांना सांभाळणारा. मिसिसिपी दूर होती म्हणून त्याला हे होता आले; इथल्या कोणीही त्याला तिथे जाताना पाहिले नव्हते. परदेशच्या पुस्तकाची हीच खरी देणगी असते, की त्यात आपण आपले नाव, आडनाव, दाखला मागे ठेवून शिरू शकतो. मी मात्र गोष्ट घरी आणण्याच्या घाईत त्याला त्या पावसातून ओढून काढले आणि फाटक्या पुस्तकापुढे बसवले. तक्ता उघडून माझ्या हाताने बारावी ओळ भरली. त्या आईने जो कागद चिकटवला होता तो मी सोलून काढला.

इथे कोणी म्हणेल, आईने तरी काय केले? सत्य झाकलेच ना? मीही पुष्कळ दिवस असेच समजत होते. पण तीच आई आपल्या वर्गात गुलामगिरीचा इतिहास उघड शिकवते आणि त्यापायी नोकरी गमावते. तिने इतिहास झाकला नाही. मुलाच्या हातातल्या वस्तूवर त्याची किंमत म्हणून जे लिहिले होते, ते झाकले. इतिहास सर्वांना सांगावयाचा असतो. त्याची नोंद एका मुलाच्या नावावर करावयाची नसते. या दोहोंतला भेद ती जाणत होती. मी जाणत नव्हते.

मग गोष्ट घरी आणावयाचीच नाही का? आणावयाची, पण आपल्या स्वतःच्या घरी. त्या कादंबरीत चिखलाने माखलेली मुले आहेत, तशी बसमध्ये बसून हसणारीही आहेत. तिसऱ्या बाकावरच्या मुलाला मी त्याची जागा दाखवली, पण बसमधली जागा कोणाची हे वर्गाला विचारले नाही. विचारले असते तर पहिले उत्तर मलाच द्यावे लागले असते. माझ्या लहानपणी आमच्या घरी मागच्या दाराशी कोनाड्यात एक कप वेगळा ठेवलेला असे. त्याचा कान तुटलेला होता. अंगण झाडावयाला येणाऱ्या बाईला चहा त्यातून मिळे, वरून ओतलेला. चहा ओतण्याचे काम पुष्कळदा माझ्याकडे असे. कप आणि किटली यांच्यात किती अंतर ठेवावयाचे हे मला कोणी शिकवल्याचे आठवत नाही. ते मला येत होते. भीमरावांचे गोणपाट मला पुस्तकातून ठाऊक होते. हा कप माझ्या हातातला होता. वर्गात मी गोणपाटाची गोष्ट सांगितली, कारण तिच्यात मी कुठेच नव्हते.

अमेरिकेतून परत आल्यावर, २००४ साली, मी सातवीच्या नव्या वर्गाला ती कादंबरी पुन्हा सांगितली. त्या वेळी गोणपाटाऐवजी कपाची गोष्ट सांगितली, आणि सांगताना टेबलाकडे पाहत राहिले. वर्ग गप्प झाला. पहिल्या गप्पपणाहून हा वेगळा होता. यात कोणाच्या माना वळल्या नाहीत. बऱ्याच वेळाने पहिल्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "बाई, आमच्या आजीकडे गावाला अजून आहे." मग आणखी एकाने काही सांगितले. त्यांतून काय निष्पन्न झाले? डब्याचे घोळके मोडले असे मी सांगू शकत नाही. एक-दोन मुले हलली, काही दिवसांनी परत गेली. पण रडू कोणाला आले नाही, आणि मला वाटते ते बरे झाले.

न्यू जर्सीच्या त्या बाईंना मी पत्र लिहिले नाही. निघण्याच्या आदल्या रात्री भाचीच्या मुलीला मात्र तिसऱ्या बाकावरच्या मुलाची ही सगळी हकिगत सांगितली. ती लक्ष देऊन ऐकत होती. ती माझ्या बाजूने काही बोलेल असे मला कुठेतरी वाटत असावे. ती म्हणाली, "मग आजी, तू त्याला सॉरी म्हणालीस?"

मी म्हटले, "नाही ग. आमच्याकडे बाई मुलांना तसं म्हणत नाहीत."

"का?" तिने विचारले.

मला उत्तर देता आले नाही. तो मुलगा आता चाळिशीच्या आसपासचा असेल. दिवाळी अंक वाचतो की नाही, कोण जाणे.